लुआंडा ते रिओ: बांटू गुलामांचा सागरी मार्ग, आणि बेरिंबाव कसा बांधतात

खलाशी_काका

गुलामांचा व्यापार म्हटलं की शाळेच्या पुस्तकातला त्रिकोण डोळ्यांसमोर येतो: युरोपातून माल आफ्रिकेला, तिथून माणसं अमेरिकेला, अमेरिकेतून साखर परत युरोपला. उत्तर अटलांटिकपुरतं हे ठीक. दक्षिण अटलांटिकमध्ये त्रिकोण नव्हता, सरळ येजा होती. रिओ, साल्वादोर, रेसिफे इथली जहाजं निघायची, अंगोलात माणसं भरायची आणि परत ब्राझीलला यायची. भांडवल बहुतांशी ब्राझीलचं, खलाशी ब्राझीलचे, आणि बदल्यात दिली जाणारी दारू (उसाची, अंगोलाच्या लुआंडा बंदरात तिला 'जेरिबिता' म्हणत) तीही ब्राझीलचीच.

याचं कारण वारा. तिथला वारा आणि प्रवाह घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. लुआंडाहून शिडं सोडली की आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे जहाजाला ब्राझीलच्या किनाऱ्याला नेऊन लावतात. परतताना मात्र खूप दक्षिणेला उतरून पश्चिमेचे वारे पकडायचे आणि मग बेंगेला प्रवाहाबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्याने वर यायचं.

१८ मार्च १६८४ च्या पोर्तुगीज कायद्यात अन्नपाण्याच्या हिशेबासाठी प्रवासाचे दिवस ठरवून दिले होते: अंगोला ते पेर्नांबुको (रेसिफेचा प्रांत) ३५, बाहिया (साल्वादोरचा प्रांत) ४०, रिओ ५०. माणशी रोज एक 'कानादा' पाणी, म्हणजे सुमारे १.४ लिटर. ४०० माणसं आणि ५० दिवस धरा: २८,००० लिटर. त्या काळचं मोठं पिंप साधारण ५०० लिटरचं, म्हणजे नुसत्या कैद्यांसाठी ५६ पिंपं, २८ टन वजन. खलाशांचं वेगळं.

घोळ इथेच व्हायचा. पिंपांची जागा म्हणजे माणसांची जागा, म्हणून पिंपं कमी घ्यायची. दारूची जुनी पिंपं नीट न धुता त्यात बेंगो नदीचं पाणी भरायचं, ते आठवड्याभरात वास मारायचं. वारा पडला की ५० चे ६५ दिवस. त्यात हगवण लागली की शरीरातलं पाणी इतकं जातं की १.४ लिटर पूर्ण मिळालं तरी पुरत नाही. गर्दीपेक्षा पाणीच जास्त जणांच्या मुळावर आलं असं माझं मत आहे.

आकडे ढोबळ मानाने असे: अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांवर चढवलेले एकूण १ कोटी २५ लाख. त्यातले सुमारे ५७ लाख पश्चिम-मध्य आफ्रिकेतून, म्हणजे लोआंगो, काबिंदा, लुआंडा, बेंगेला या पट्ट्यातून. एकट्या लुआंडातून २८ लाखांच्या आसपास. ब्राझीलमध्ये जिवंत उतरलेले ४८ लाखांच्या घरात. पट्टा जवळजवळ सगळा बांटू भाषिकांचा (बांटू हे मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतलं मोठं भाषाकुळ): किकोंगो, किंबुंडू, उंबुंडू. समुद्रापार त्यांचं काय टिकलं, यावर लिहावं. जाणकार आहेतच इथे.

रत्नांग्रीकर

वाचनखूण साठवली. एक शंका. आपले जंजिऱ्याचे सिद्दी आणि मलिक अंबर हेही बांटूच ना?

दफ्तरी

नाही. मलिक अंबरचा जन्म इथिओपियातला. तिथल्या भाषा कुशिटिक आणि सेमिटिक कुळातल्या, बांटू नव्हेत. दख्खनच्या सुलतानांचे हबशी सरदार प्रामुख्याने त्याच बाजूचे, तांबड्या समुद्रामार्गे आलेले. जंजिऱ्याचं घराणंही याच हबशी परंपरेतलं.

गुजरात आणि उत्तर कर्नाटकातल्या सिद्दींची गोष्ट निराळी. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांत त्यांचा आफ्रिकी वारसा बांटू भाषिकांशी जुळला, कारण त्यांचे पूर्वज मोझांबिक आणि स्वाहिली किनाऱ्याकडून आले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातले पुष्कळसे गोव्यातून पळून घाटावर आलेल्या गुलामांचे वंशज मानले जातात, आणि त्यांची बोली आजही कोकणीच्या घरातली आहे. तेव्हा सगळ्या सिद्दींची एकच मोट बांधू नये.

आता मूळ विषय. ब्राझीलच्या दफ्तरांत माणसाच्या नावापुढे 'अंगोला', 'बेंगेला', 'काबिंदा', 'कासांजे', 'मोझांबिक' असं लावलेलं असतं. पुष्कळजण ती जात किंवा जमात समजतात. बेंगेला आणि काबिंदा ही बंदरं. कासांजे हा लुआंडाच्या पूर्वेला आत दूरवर, क्वांगो नदीजवळ इंबांगाला लोकांनी चालवलेला बाजार. माणूस त्याच्याही पलीकडून, लुंडा साम्राज्याच्या हद्दीतून आलेला असू शकतो. 'कासांजे' म्हणजे विकला गेला तो बाजार, एवढाच अर्थ घ्यावा.

जहाजांचा संगणकीय संग्रह (स्लेव्ह व्हॉयेजेस) सर्वांना खुला आहे. वापरताना:

१. आधी 'अंदाज' आणि 'सफरी' या दोन भागांतला फरक समजून घ्या. सफरींच्या भागात फक्त कागद सापडलेली जहाजं. अंदाजाच्या भागात न सापडलेल्यांचाही हिशेब धरलेला. दोन्हींचे आकडे एका तक्त्यात घातले की गणित फसतं.

२. उतरवण्याच्या प्रदेशात आग्नेय ब्राझील घ्या, काळ १८११ ते १८३१ घ्या, मग खरेदीच्या जागेनुसार पोटविभाग पाडा. काबिंदाचा वाटा या वर्षांत किती फुगतो ते लगेच दिसेल. ब्रिटिशांच्या दबावामुळे १८१५ पासून विषुववृत्ताच्या उत्तरेला बंदी आली आणि सगळा जोर दक्षिणेकडे सरकला.

३. रकाना 'नोंदलेला' आहे की 'गणिताने भरलेला', ते पाहा. नुसतं 'अंगोला' लिहिलेलं जहाज लुआंडाचंच असेल असं धरू नका.

आणखी एक खाच. लुआंडाच्या जकातीच्या कागदांत डोकी नाहीत, 'पेसा' मोजलेत. धडधाकट प्रौढ म्हणजे एक पेसा, चालती मुलं निम्म्या जकातीची, अंगावरचं पोर बिनजकातीचं. त्यामुळे पेशांचा आकडा तसाच उचलला तर मुलं हिशेबातून गळतात.

अनवट

उत्तम धागा. बेरिंबावबद्दल कुणी लिहील का? कापोईराच्या (ब्राझीलचा गाण्या-वाजवण्यावर खेळायचा लढाऊ खेळ) व्हिडिओत दिसतो तो. एक तार, एक काठी, एक भोपळा, आणि तरी एवढे आवाज कुठून निघतात?

तंतकार

लिहितो. जरा लांबेल.

भाग असे. काठी (वेर्गा), तार (आरामे), भोपळा (काबासा), मारायची बारीक छडी (बाकेता), तारेवर दाबायचं नाणं किंवा गोटा (दोब्राँव), आणि छडीच्या हातात अडकवलेला विणलेला खुळखुळा (काशिशी).

काठी: बाहियात बिरिबा नावाच्या झाडाची घेतात. लांबी १.२ ते १.५ मीटर, जाडी २ ते २.५ सेंटिमीटर, शक्यतो सरळ वाढलेली आणि गाठ नसलेली. साल काढून सावलीत वाळवतात. ओली काठी लगेच ताणली तर बाक धरून बसते आणि तार सैल पडते. उन्हात घाईने वाळवली तर उभी चिरते. खालच्या टोकाला पेनाच्या टोपणाएवढी खुंटी कोरायची आणि भोवती खांदा ठेवायचा. वरच्या टोकावर चामड्याची चकती खिळ्याने ठोकायची. चामडं नसेल तर तार ताणाखाली लाकूड कापत आत जाते आणि वरचं टोक फुटतं. आपल्याकडे बिरिबा नाही. भरीव बांबूवर काम भागतं, आवाज जरा कोरडा येतो.

तार: आज मोटारीच्या जुन्या टायरच्या कडेतली पोलादी तार वापरतात, जाडी मिलिमीटरच्या आसपास. कडेचं रबर सुरीने चिरून तार ओढून काढायची आणि चिकटलेलं रबर पॉलिश पेपरने साफ करायचं. टायर जाळून तार काढण्याचा शॉर्टकट करू नये. आगीत पोलादाचा कस जातो, तार मऊ पडते, आवाज मेल्यासारखा येतो आणि पिरगळताना तुटते. दोन्ही टोकांना फासे करा. एक फासा खालच्या खुंटीत जातो, दुसऱ्यात पक्की सुती दोरी बांधायची.

चढवणं: काठीचं खालचं टोक जमिनीवर टेकवून मधल्या भागाला गुडघ्याने रेटा द्यायचा, वरची दोरी चामड्यावरून ओढून काठीभोवती वेढे घालत आवळायची. तार वाकून एकदा मुडपली की तिथेच तुटणार, म्हणून गुंडाळी उलगडताना घाई नको.

भोपळा: कडू भोपळा, पूर्ण वाळलेला, हलवला की बिया वाजल्या पाहिजेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे जे भोपळे मिरजेत तंबोऱ्यासाठी जातात ते फार मोठे, यासाठी एकतारीच्या मापाचा लागतो. देठाकडचं तोंड कापायचं, आतला गर आणि पापुद्रा खरवडून काढायचा. पापुद्रा राहिला तर आवाज दबतो. तोंडाच्या विरुद्ध बाजूला जवळजवळ दोन भोकं पाडून दोरीचा फास ओवायचा. हा फास काठी आणि तार दोघांना कवेत घेतो आणि तारेला काठीकडे खेचतो. खालून साधारण २० ते २५ सेंटिमीटरवर बसवा. वर सरकवला की सूर चढतो. फास ढिला असला की भोपळा नाचतो आणि तार उगाच झणझणते.

धरणं: डावी करंगळी फासाखाली, सगळं वजन तिच्यावर. मधली आणि अनामिका काठीभोवती. अंगठा आणि तर्जनीत नाणं. नवशिक्याची करंगळी आधी दुखते, मग सुजते, मग घट्टा पडतो. याला उपाय नाही.

आवाज मुळात तीन. नाणं न लावता मोकळी तार. नाणं घट्ट दाबून मारलेली, साधारण एक स्वर वर. आणि नाणं अलगद टेकवून काढलेला चरचराट. शिवाय भोपळ्याचं तोंड पोटाला लावलं की आवाज मिटतो, दूर नेलं की उघडतो. ही पोटाची उघडझाप म्हणजे निम्मं वादन. जाड सदऱ्यावर ती नीट होत नाही.

मोठ्या भोपळ्याचा खर्जातला तो गुंगा, त्यानंतर मेजिओ, सगळ्यात लहान व्हिओला. कापोईरा अंगोला या प्रकाराच्या रोदात (खेळाच्या वर्तुळात) तिघे एकत्र वाजतात. गुंगा ठेका धरून राहतो आणि खेळ त्याच्या ताब्यात असतो, व्हिओला मोकळेपणी खेळते.

वाजवून झाल्यावर तार उतरवून ठेवा. चढवलेलाच खुंटीला टांगून ठेवलेला बेरिंबाव काही महिन्यांत काठी गमावतो.

मूषकराज

म्हणजे गुलामांनी कापोईरा आणि बेरिंबाव दोन्ही अंगोलाहून जसंच्या तसं आणलं, बरोबर?

तंतकार

नाही, आणि हा गैरसमज पर्यटकांच्या माहितीपत्रकांनी घट्ट केलाय.

चित्रांचा पुरावा पाहा. रुगेंडास या चित्रकाराचं १८३५ साली छापलेलं कापोईराचं चित्र प्रसिद्ध आहे. त्यात ढोल आहे, बेरिंबाव नाही. त्याच सुमाराला देब्रे या चित्रकाराने रिओतला 'उरुकुंगो' (बेरिंबावासारखंच धनुष्यवाद्य) वाजवणारा आंधळा म्हातारा चितारला. तिथे वाद्य आहे, कापोईरा नाही. तेव्हा हे वाद्य रस्त्यावरचे विक्रेते आणि भिक्षेकरी वाजवत. दोघांची गाठ पुढे बाहियात पडली.

वाद्याचे पूर्वज मात्र स्पष्ट आहेत: लुआंडा भागातला हुंगू आणि नैर्ऋत्य अंगोलातला म्बुलुम्बुम्बा. गेऱ्हार्ड कुबिक या संगीत-अभ्यासकाने अंगोलात १९६५ मध्ये प्रत्यक्ष नोंदी केल्या. भोपळा, फास, छातीपोटाशी उघडझाप, सगळं तिथे आहे. पण म्बुलुम्बुम्बाबरोबर काशिशी नाही. खुळखुळा आफ्रिकेत दुसरीकडे होता, ब्राझीलमध्ये तो छडीच्या हातात आला. पोलादी तारही ब्राझीलची. कुणीतरी वेगवेगळ्या ठिकाणच्या दोन गोष्टी एका माणसाच्या दोन हातांत आणल्या. जहाजातून 'संस्कृती' उतरत नाही, हातांना येणारी कामं उतरतात, आणि ती नव्या जागी मिळेल त्या सामानातून पुन्हा बांधली जातात.

ब्राझीलच्या १८९० च्या दंडसंहितेच्या ४०२ कलमाने कापोईरा गुन्हा ठरवला. १९३० च्या दशकात बिंबा आणि त्यानंतर पास्तिन्या या दोन गुरूंनी बाहियात शाळा काढून तो उजेडात आणला. कापोईराच्या रोदाला युनेस्कोने २०१४ मध्ये वारशाच्या यादीत घेतलं.

अवांतर: गुजरातच्या सिद्दींचा मलुंगा पाहिलाय का कुणी? एक तार, धनुष्य, भोपळा, छडी. रतनपूरच्या बावा गोर दर्ग्याच्या परंपरेत धमाल या नाचाबरोबर वाजतो. बेरिंबावाचा हा भाऊ नाही, लांबचा चुलत म्हणा: एक पश्चिम किनाऱ्यावरून गेलेला, दुसरा पूर्व किनाऱ्यावरून.

अनवट

+१. ढोलांच्या बाबतीतही असंच बारकाईने पाहावं लागतं. साल्वादोरच्या कांदोंब्ले (आफ्रिकी मुळाचा ब्राझीलमधला धर्म) देवळांत अंगोला पंथाचे लोक आताबाके हे ढोल हाताने वाजवतात, केतू पंथाचे (म्हणजे योरुबा परंपरेतले) छड्यांनी. नुसतं ऐकून ओळखता येतं. अंगोला पंथाच्या देवतांना 'इंकिसे' म्हणतात, किकोंगोतल्या 'न्किसी'चंच ते रूप. साल्वादोरचं बाते फोल्या हे या पंथाचं जुनं आणि मोठं देऊळ, १९१६ चं. पर्यटकांना ओरिशांचीच (योरुबा देवतांची) नावं सांगितली जातात, त्यामुळे बांटू भाग मागे पडतो. हा पक्षपात अभ्यासकांनीच विसाव्या शतकात सुरू केला.

दुसरं, ब्राझीलच्या पाराईबा खोऱ्यातल्या कॉफीच्या मळ्यांवरचा जोंगो, म्हणजे ढोलावरचं नाचगाणं. इथे काँगो-अंगोलाकडचे लोक एकवटले होते. पोकळ खोडाचे दोन ढोल, मोठा तांबू आणि लहान कांदोंगेइरो. कातडं खिळ्यांनी ठोकलेलं, ताणायला दोऱ्या नाहीत, म्हणून शेकोटीशी तापवून सूर चढवतात. दवात तासाभरात उतरतो, पुन्हा शेकोटी. फार जवळ धरला तर कातडं खिळ्यांपाशी फाटतं.

गाणं म्हणजे कोडं. एकजण 'पोंतो' टाकतो, दुसऱ्याने तो सोडवायचा. सुटला नाही तर तो 'बांधलेला' राहतो. नवा पोंतो टाकायचा असेल त्याने ढोलावर हात ठेवून 'माशादो!' ओरडायचं, ढोल थांबतात. मळेवाल्यावरची टीका अशा कोड्यांत बसवली जायची, बैल, झाड, वाट अशा शब्दांत. स्टॅन्ली स्टाइन या इतिहासकाराने १९४९ साली याच खोऱ्यातल्या वासोरासला केलेली ध्वनिमुद्रणं यासाठी फार मोलाची आहेत. ब्राझील सरकारने २००५ मध्ये जोंगोला राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवलं.

रत्नांग्रीकर

गोव्याचा या अटलांटिक व्यापाराशी काही संबंध की तो फक्त मोझांबिकपुरता?

खलाशी_काका

आहे, आणि तो कापडातून. लुआंडात माणसाची किंमत नाण्यांत नाही, मालाच्या गठ्ठ्यात ठरायची: कापड, दारू, बंदुका, दारूगोळा, मणी. त्यात भारतीय सुती कापडाला मोठी मागणी. गोव्याहून निघालेली जहाजं लिस्बनला जाताना साल्वादोरला थांबत, तिथे कापड उतरे आणि पुढे अंगोलाला जाई. अठराव्या शतकाअखेर लुआंडाच्या आयातीत आशियाई कापडाचा वाटा फार मोठा होता. मोझांबिक बेटावर तर दीव आणि दमणचे वाणी थेट बसलेले, कापड त्यांचंच. आपल्या किनाऱ्यावरच्या विणकराला हे ठाऊक असायचं कारण नाही, पण व्यापाऱ्याला नक्की होतं.

मोझांबिकहून रिओचा प्रवास केप ऑफ गुड होपला वळसा घालून, अडीच महिन्यांच्या आसपास. १७९५ ते १८११ च्या रिओच्या नोंदींत अंगोलाच्या जहाजांवर दहांत एकाच्या जवळपास माणूस दगावला, मोझांबिकच्या जहाजांवर दुपटीहून अधिक. लांबी हे एक कारण, केपजवळची थंडी हे दुसरं. उघड्या अंगाची माणसं, खाली ओल.

मूषकराज

रिओत हे सगळं आज बघायला कुठे मिळतं?

दफ्तरी

वालोंगो घाट. १८११ ला बांधला. १८४३ ला सम्राज्ञी तेरेसा क्रिस्तिना येणार म्हणून त्यावर नवा घाट चढवला, जुना गाडला गेला. २०११ साली बंदर भागाच्या कामात दगडी फरशी वर आली, २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. तिथे उतरलेल्यांचा अंदाज ९ लाखांच्या घरात सांगतात. जाताना एवढं लक्षात ठेवा की दोन थर दिसतात: वरचे घडवलेले चौकोनी दगड सम्राज्ञीचे, खालचे ओबडधोबड वालोंगोचे. गाईड नसेल तर लोक वरच्या थराचे फोटो काढून परततात.

तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर गांबोआत 'प्रेतोस नोव्होस' म्हणजे नव्याने उतरलेल्या गुलामांची दफनभूमी, १९९६ मध्ये एका घराच्या दुरुस्तीत सापडलेली. वयोगट बघितला तर मुलं आणि तरुण पुष्कळ. वर म्हटलेल्या निम्म्या जकातीच्या नोंदी इथे हाडांत भेटतात.

अनवट

ब्राझीलबाहेरचं एक उदाहरण जोडते. कोलंबियात कार्ताहेनाजवळचं सान बासिलिओ दे पालेंके. पळालेल्या गुलामांचं गाव. तिथली पालेंकेरो भाषा शब्दांनी स्पॅनिश, पण अनेकवचनाचा 'मा' शब्दाच्या आधी लागतो, तो किकोंगोचा. मृत्यूनंतर नऊ रात्रींच्या जागरणात म्हणायची लुंबालू गीतं ढोलावर म्हणतात. आता ती मोडत चाललीत, कारण ती म्हणणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या आणि भाषा शाळेत शिकवली तरी जागरण शाळेत शिकवता येत नाही.

रत्नांग्रीकर

तंतकार, भोपळ्याला केसाएवढी चीर गेली तर फेकायचा का?

तंतकार

चीर तोंडापासून सुरू झाली असेल तर वाचतो. चिरेच्या टोकाला टाचणीएवढं भोक पाडा म्हणजे ती पुढे सरकत नाही, आतून पातळ कापड आणि सुताराचा डिंक लावा, रात्रभर वाळू द्या. बाहेरून जाड लेप नको, आवाज बसतो. चीर फासाच्या दोन भोकांमधून गेली असेल तर मात्र दुसरा भोपळा बघा. ताण नेमका तिथेच येतो, कितीही डिंक भरा, पहिल्या दहा मिनिटांत उघडेल.